पालथं चित्र

मास्तरणीने कॅलेंडरच्या पानावर पोलादी पट्टी दाबून धरली आणि ब्लेड ओढलं. तारखा एका बाजूला गेल्या, चित्र एका बाजूला राहिलं. पण चित्राच्या तळाशी टायरच्या दुकानाचं नाव लाल ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते काढायचं म्हटल्यावर गुराख्याचे पायही घोट्यापासून गेले. उरलेला गुराखी तिने टेबलावर धाकटीसमोर ठेवला.

"नीट बघ. डोळे मिटल्यावरही दिसायला पाहिजे, तोवर बघ."

धाकटी बघत होती की नुसती त्या दिशेला तोंड करून बसली होती, हे सांगणं कठीण होतं. थोड्या वेळाने मास्तरणीने चित्र पालथं घातलं.

"हं, सांग."

"मला दिसलं नाही."

"काहीच नाही? अगं, एवढा ढळढळीत गुराखी आहे."

"मला दिसलं नाही. संपलं."

मास्तरीण हे नाव नणंदेने ठेवलेलं. दोन्ही मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं हिने ठरवलं, तेव्हा नणंद म्हणाली होती, "या आमच्या मास्तरीणबाई! घरचीच शाळा, घरचीच घंटा, सुट्टी मात्र कधीच नाही." थट्टेतलं नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि पुढे पुढे तिलाही ते आवडायला लागलं. गणित, भाषा सगळं ती शिकवायची, पण तिचा जीव चित्रांच्या तासात. एका सत्राला एकच चित्रकार. त्याची पाच-सहा चित्रं घ्यायची, एक चित्र आठवडाभर भिंतीवर टांगायचं. मग एके दिवशी ते काढून टेबलावर आणायचं, मुलांनी पोटभर बघायचं, चित्र पालथं घालायचं आणि जे पाहिलं ते सांगायचं. मास्तरणीने मध्ये काहीही शिकवायचं नाही. एकच शब्द बोलायचा: "आणखी?" मुलाची पोतडी रिकामी झाली की त्याने म्हणायचं, "संपलं."

थोरला यात पटाईत. आईची नक्कल तर अशी करायचा की नणंदसुद्धा हसून हसून डोळे पुसायची. नसलेला चष्मा नाकावर ओढायचा, भुवया चढवायचा आणि म्हणायचा, "आणखी?" जेवताना धाकटीचं ताट हाताने झाकून विचारायचा, काय काय आहे ताटात, सांग. तिने सगळं सांगितलं तरी, "आणखी?" ती रडकुंडीला यायची आणि मग ओरडायची, "संपलं, संपलं, संपलं!"

तो मागच्या थंडीत गेला. तापाचं निमित्त झालं आणि दुखणं रक्तातलं निघालं. शेवटचे काही आठवडे त्याची नजरही अधू झाली होती, पुस्तकातली अक्षरं दिसेनात म्हणून मास्तरीण त्याला वाचून दाखवायची. त्याच्या जाण्याची हकीकत तिने भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितली. दुपारची वेळ होती, सगळीकडे सामसूम होती, मी त्याचा हात हातात घेऊन बसले होते, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झोपेतच गेला. इतक्यांदा सांगितलं की आता तिला स्वतःलाही तसंच आठवायला लागलं होतं. मुलांचे बाबा पूल बांधणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. कामाच्या जागेवरून निघून पोचेपर्यंत त्यांना संध्याकाळ झाली. पोर एकटं नव्हतं, आईचा हात हातात होता, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस तगून होता. धाकटी त्या दुपारी दवाखान्यात तिथेच होती, कारण घरी तिला बघायला कोणी नव्हतं. पण लहान पोरीला काय कळतंय, असं सगळ्यांनी धरून चाललं.

तेव्हापासून तिचं बोलणं आटत गेलं. विचारलं तर हो, नाही. गणितं करायची, शुद्धलेखन करायची, ताटातलं संपवायची. चित्र समोर आलं की मात्र गाडं अडायचं.

बाबा शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. गेल्या खेपेला त्यांनी खिशातून एक घडी घातलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. डोंगरावरच्या निवासी शाळेचा होता.

"चार मुलींत राहील, बोलायला लागेल," ते म्हणाले. "इथे दिवसभर तू आणि ती, आणि तुम्हा दोघींच्या मध्ये तो."

"अहो, ती माझ्याजवळ नाही बोलली, तर परक्यांत काय बोलणार?"

"तुझ्याजवळ बोलत नाही म्हणूनच म्हणतोय."

हे तिला लागलं. तिचा हात टेबलावरची तीच ती जागा पुसत राहिला. बाबांनाही ते कळलं असावं. त्यांनी फॉर्म उचलून परत खिशात ठेवला.

"बरं, असं करू. पुढच्या रविवारी तिने माझ्यासमोर एक चित्र सांगावं. पूर्वी सांगायची तसं. सांगितलं, तर हा फॉर्म मी फाडून टाकतो."

दोष चित्रांचा आहे, असं मास्तरणीने मनाशी पक्कं केलं. बुडत्याला काडीचा आधार. हिची काडी कागदाची होती. पूर्वी घरात चित्रांची मोठमोठी पुस्तकं होती. थोरल्याच्या दवाखान्याच्या खर्चापायी ती कपाटासकट विकली गेली. आता पोरीसमोर काय येत होतं? पाय तुटलेला गुराखी. जुन्या मासिकातली नदी, तिच्या बरोबर मध्यावर दोन पिना. असल्या चित्रांत कुणाला काय दिसणार? एक चांगलं चित्र मिळू दे, ती म्हणायची, मग बघा पोरगी कशी बोलते.

पण चांगलं चित्र परवडायला हवं. पुस्तकांच्या दुकानात छापील चित्रं होती, त्यांच्या किमती बघून तिने ती उचललीच नाहीत. दुकानातल्या मुलीने तिच्याकडे पाहिलं म्हणून तिने उगाच कडा सारख्या केल्या. वाचनालयात एक जाडजूड पुस्तक होतं, ते बाहेर नेता येत नव्हतं. तिने त्यातल्या एका राणीच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला, तर चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडून राणीच्या तोंडाच्या जागी पांढरा गोळा आला. तो घेऊन ती रंगीत झेरॉक्सच्या दुकानात गेली. कागद बाहेर आला तेव्हा राणीचे हात जांभळे झाले होते.

"ताई, रंग जरा इकडचा तिकडे झालाय," दुकानदार म्हणाला, "पण बाकी हुबेहूब."

"तोंडच नाही हो तिला."

"ते तुमच्या फोटोतच नाही. मशीन काय पदरचं घालणार?"

त्याच्याच शेजारी फ्रेमवाल्याचं दुकान होतं. दारात जुन्या तसबिरींची चळत लागली होती आणि म्हातारा फ्रेमवाला पक्कडीने एकेका फ्रेमच्या मागचे खिळे काढत बसला होता. लाकूड एका बाजूला, काच एका बाजूला. चित्रं पायाशी फेकत होता. मास्तरीण थबकली. पायाशी पडलेल्या कागदांत तिला एक खिडकी दिसली, आणि खिडकीतून आत आलेला तो उजेड. खिडकीतला उजेड काढण्यात ज्याची हयात गेली असा एक जुना चित्रकार तिच्या मनात कित्येक दिवस होता. तिने वाकून चित्र उचललं. खाली त्याच हाताचं आणखी एक होतं. त्याखाली आणखी दोन.

"ही कशी दिली?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "कुठली? फ्रेम पाहिजे का?"

"नाही, चित्रं."

"चित्रांचं काय घ्यायचं? माल म्हणजे लाकूड आणि काच. चित्र आमच्याकडे पुठ्ठ्याच्या भावात. न्या, द्या काय द्यायचं ते."

"कुठून येतात एवढी?"

"भंगारवाला आणून टाकतो. हॉटेलं, हापिसं, कुठलं काय. कुठे रंगकाम निघालं की भिंती मोकळ्या करतात, आणि मग जुनं परत कोण लावतंय?"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मास्तरीण चार चित्रं गुंडाळी करून छातीशी धरून घरी निघाली, तेव्हा रस्त्यात तिला स्वतःचंच हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून तिला त्याची जरा लाजही वाटली.

धाकटी टेबलाशी भागाकार करत होती. मास्तरणीने वही बाजूला सारली आणि सगळ्यात मोठं चित्र उलगडून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. कडेने कागद फिका पडला होता, पण आतले रंग शाबूत होते. डावीकडे खिडकी. टेबलाशी उभी राहून एक बाई पांढऱ्या कापडाची घडी घालते आहे. एक रिकामी खुर्ची.

धाकटीच्या हातातली पेन्सिल थांबली. ती चित्राकडे बघत राहिली, मग आईकडे बघितलं, मग परत चित्राकडे. मास्तरीण अजून "बघ" म्हणालीही नव्हती, तोच पोरीने स्वतःच्या हाताने वाट्या उचलल्या आणि चित्र पालथं घातलं.

"बाई आहे," ती म्हणाली. "ती कापडाची घडी घालते. एक घडी झाली आहे, दुसरी अर्धी. टेबलावर सुरई आहे, तिचा कान तुटलेला आहे."

मास्तरणीने श्वास रोखला. आपण हललो तर हे थांबेल, अशी भीती तिला वाटली.

"आणखी?"

त्या शब्दासरशी पोरीने डोळे मिटले. "भिंतीवर खिळा आहे, त्याला किल्ली. फरशी एक फुटलेली. टेबलाखाली मांजर आहे, पण मांजर दिसत नाही, नुसतं शेपूट दिसतं."

शेपूट मास्तरणीलाही दिसलेलं नव्हतं. तिने चित्राचा कोपरा हळूच उचलून बघितलं. होतं. टेबलाच्या पायाशी, सावलीच्या रंगाचं, करंगळीएवढं. एका नजरेत पोरीने शेपूट टिपलं! तिच्या जिवात जीव आला. तिने धाकटीला कवटाळलं.

"आणि आई," धाकटी तिच्या पदरात म्हणाली, "आणखी पण आहे."

"असू दे, असू दे. सगळं आज नको संपवू. बाकीचं रविवारी बाबांसमोर सांग. सगळं सांग हं, काही ठेवू नकोस."

धाकटीने मान हलवली आणि भागाकाराची वही परत पुढे ओढली.

रविवारी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. आपली परीक्षा असल्यासारखे अवघडून बसले होते. फॉर्म खिशातून डोकावत होता. मास्तरणीने चित्र टेबलावर पसरलं, त्यांनी ते पाहिलं, छान आहे म्हणाले. धाकटीने फारसं बघितलंच नाही. तिने खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. मास्तरणीने चित्र पालथं घातलं.

"सांग, बाळा."

धाकटी सांगायला लागली. बाई, कापड, तुटक्या कानाची सुरई. किल्ली. फुटकी फरशी. शेपटावर आली तेव्हा बाबांनी मास्तरणीकडे बघून भुवया उंचावल्या, आणि मास्तरीण अशी काही खुलली की तिला जागेवर बसवेना.

"आणखी?"

"बाई खिडकीकडे बघत नाही, पण तिचा कान खिडकीकडे आहे. कुणीतरी येणार आहे. खुर्ची त्याची आहे."

"वा!" बाबा म्हणाले.

"आणखी?"

"वरच्या बाजूला ट्यूबलाइट आहे. आडवी."

बाबा हसले. खळखळून नव्हे, पण हसले. मास्तरीणही हसली. "अगं वेडे, त्या काळात ट्यूबलाइट कुठली?"

"चित्रात नाही. काचेवर."

"काच कुठे आहे याला? नुसता कागद तर आहे."

"होती," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "दवाखान्यात होती. दादाच्या समोरच्या भिंतीवर. आईच्या खुर्चीच्या वर."

बाबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, त्यांना ते आवरायचं सुचलं नाही. मास्तरणीने चित्राच्या पाठीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, पिवळा कागद आणि खिळ्यांचा गंज. इतके आठवडे ती त्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. आत येताना नजर कॉटवर, बाहेर जाताना नजर सलाइनच्या बाटलीवर. डोक्यावर काय टांगलंय, हे तिने एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

आता थांबवावं, असं तिला वाटलं. "छान सांगितलंस" म्हणायचं, चित्र गुंडाळायचं, फॉर्म फाडायला लावायचा. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण पोरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत किती दिवसांचं वाट बघणं होतं ते मास्तरणीला कळलं. आत्ता थांबवलं तर हे तोंड परत उघडणार नाही.

"आणखी?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"दादाला चित्र दिसायचं नाही. नुसता उजेड दिसायचा. म्हणून मी त्याला सांगायचे. रोज. तो आणखी, आणखी म्हणायचा, आईसारखं. मग मी परत बघायचे आणि नवीन काहीतरी शोधायचे. शेपूट मला सगळ्यात शेवटी सापडलं. त्या दुपारी." ती थांबली. "खुर्चीवर आई होती. तिची मान खाली पडली होती. दादा म्हणाला, आज काय सापडलं? मी म्हटलं, आईला उठवू का? तर तो म्हणाला, नको, दमली आहे ती, झोपू दे. तू सांग. मग मी शेपटाचं सांगितलं. त्याला खूप आवडलं. तो म्हणाला, आणखी? मग मी खुर्चीचं सांगितलं. तो म्हणाला, आणखी? पण हळू. मग मी किल्लीचं सांगितलं, जुनंच होतं, पण सांगितलं. मग त्याने आणखी म्हटलंच नाही. मी खूप वेळ थांबले. त्याने म्हटलंच नाही. मग मीच म्हटलं, संपलं."

बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले होते. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादली आपटल्याचा आवाज आला. नर्सने खांद्याला हात लावून उठवलं होतं, ते आता मास्तरणीला लख्ख आठवलं. मानेला लागलेली रग आठवली. तेव्हा तिचे स्वतःचे दोन्ही हात तिच्याच मांडीत होते.

"ती दमली होती, बाबा," धाकटी म्हणाली. "खूप दमली होती."

बाबांनी पोरीला जवळ ओढलं. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी मास्तरणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तू तर म्हणाली होतीस..." वाक्य अर्धंच सोडून त्यांनी वेगळंच विचारलं. "त्याने तुझ्याकडे पाहिलं होतं ना गं? जाताना?"

मास्तरणीने टेबलाच्या कडेला धरलं. शंभरदा सांगितलेली हकीकत होती. जिभेवर तयार होती.

"मला दिसलं नाही," ती म्हणाली.

धाकटी बापाच्या हाताखालून निसटून टेबलाशी आली. तिने चित्र सुलटं केलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.